विज्ञानपटांतील वैमानिकाचे शिरस्त्राण : रचना आणि प्रयोजन

विज्ञानपटात वैमानिक डोक्यावर जे शिरस्त्राण घालतो, त्याचा विचार बहुधा दोनच अंगांनी केला जातो. ते खऱ्या शिरस्त्राणाशी कितपत जुळते, हे एक अंग. आणि ते डोळ्यांना कितपत भावते, हे दुसरे. पहिल्या पक्षाचा समीक्षक चुका मोजतो, दुसऱ्या पक्षाचा शोभा मोजतो. या दोन्ही मापांनी मूळ प्रश्न हाती लागत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. खरे शिरस्त्राण ते धारण करणाऱ्याच्या मस्तकाच्या रक्षणार्थ घडविलेले असते. पडद्यावरील शिरस्त्राण ते पाहणाऱ्याच्या दृष्टीसाठी घडविलेले असते. एकाने चेहरा झाकावा लागतो, तर दुसऱ्याने तो दाखवावा लागतो. या विरोधाचा परिहार निरनिराळ्या चित्रपटांनी कसा केला, आणि तसे करताना कोणत्या पात्राला चेहरा दिला व कोणाला नाकारला, हे पाहिले म्हणजे शिरस्त्राण ही केवळ वेषभूषेची बाब राहत नाही, तर ती चित्रपटाच्या आशयाचा भाग ठरते.

१. खऱ्या शिरस्त्राणाची कार्ये

प्रथम वस्तुस्थिती पाहू. विमानाचे आसन उघडे होते त्या काळात वैमानिक कातडी टोपी आणि वाऱ्यापासून डोळे राखणारा चष्मा वापरीत. जेट विमानांबरोबर कठीण कवचाचे शिरस्त्राण आले, आणि त्याच्यावर कार्यांचा भार वाढत गेला. आघातापासून कवटीचे रक्षण करणे, इंजिनाचा घोष कमी करणे, संदेशवहनाची साधने कानांशी धरून ठेवणे, प्राणवायूचा मुखवटा चेहऱ्यावर घट्ट बसविणे आणि सूर्याची तिरीप अडविणे ही त्यांतील प्रमुख होत. शिवाय हे सर्व कमीत कमी वजनात साधावे लागते. विमान वेगाने वळत असताना वैमानिकावर गुरुत्वाच्या सहापट भार आला, तर दोन किलोग्रॅम वजनाचे शिरस्त्राण मानेला बारा किलोग्रॅमसारखे जाणवते. म्हणून खऱ्या शिरस्त्राणाच्या रचनेत निष्कारण असे काही सहसा राहत नाही.

या सर्व कार्यांचा एक परिणाम असा की, सज्ज झालेल्या वैमानिकाचा चेहरा दिसेनासा होतो. नाक आणि तोंड मुखवट्याखाली जातात, डोळे काळसर झडपेमागे जातात. वैमानिकाला त्याची अडचण नसते, कारण आकाशात त्याचा चेहरा पाहणारे कोणी नसते. चित्रपटात मात्र तो पाहण्यासाठीच प्रेक्षागृह भरलेले असते.

२. काचेचा प्रश्न

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे शिरस्त्राणाचा पुढचा भाग, किंवा सबंध शिरस्त्राणच, पारदर्शक करणे. विज्ञानकथांच्या जुन्या मासिकांच्या मुखपृष्ठांवर काचेच्या गोळ्यात डोके घातलेले अंतराळवीर आढळतात, ते याच युक्तीमुळे. परंतु चित्रकाराच्या कुंचल्याला जे सोपे, ते छायालेखकाच्या भिंगाला सोपे नसते. त्याचे कारण प्रकाशशास्त्रात आहे.

अॅक्रिलिकसारख्या पारदर्शक द्रव्याचा वक्रीभवनांक सुमारे १·४९ असतो. त्याच्या पृष्ठावर सरळ पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. पृष्ठे दोन असल्यामुळे एकूण परावर्तन ७ ते ८ टक्क्यांपर्यंत जाते. हे प्रमाण अल्प वाटेल. पण स्टुडिओतील दिव्याची तेजस्विता अभिनेत्याच्या चेहऱ्याच्या तेजस्वितेहून कित्येक पटींनी अधिक असते, आणि म्हणून त्या दिव्याचा चार टक्के अंशही चेहरा झाकोळून टाकण्यास पुरेसा होतो.

आकाराचा मुद्दा याहूनही महत्त्वाचा आहे. गोलाकार काच ही बहिर्गोल आरशासारखे वर्तन करते, आणि अशा आरशाचे नाभ्यंतर त्रिज्येच्या निम्मे असते. शिरस्त्राणाची त्रिज्या १५ सेंटिमीटर धरली तर नाभ्यंतर ७·५ सेंटिमीटर येते. तीन मीटर अंतरावर उभ्या असलेल्या दोन मीटर उंचीच्या वस्तूची प्रतिमा अशा काचेत सुमारे पाच सेंटिमीटर उंचीची दिसेल. म्हणजे कॅमेरा, तो चालविणारा माणूस, त्यामागचे दिवे आणि मदतनीस, असा सारा परिवार अभिनेत्याच्या नाकासमोर लहान होऊन उभा राहणार. सपाट काच किंचित कलती केली की कॅमेऱ्याचे प्रतिबिंब बाजूला जाते; एकाच दिशेने वाकविलेली नळकांड्यासारखी काचही पुढे किंवा मागे कलती करून तसेच साधता येते. गोलाच्या बाबतीत हा उपाय चालत नाही, कारण गोल कसाही फिरविला तरी त्याच्या पृष्ठावरील एक बिंदू नेमका कॅमेऱ्यासमोरच येतो. काचेचा पूर्ण गोळा छायालेखकाला नकोसा वाटतो, त्यामागे हे साधे भूमितीय कारण आहे.

त्यात श्वासाची अडचण मिसळते. उच्छ्वासातील हवा उष्ण आणि बाष्पयुक्त असते. काच तिच्याहून थंड असली की तीवर दव धरते. बंद शिरस्त्राणात कर्बद्विप्राणिल वायूही साचतो. हवा खेळती ठेवण्यासाठी आत पंखा बसवावा, तर त्याचा आवाज संवादांच्या ध्वनिलेखनात उतरतो. रिडली स्कॉट यांच्या 'एलियन' (१९७९) या चित्रपटात अंतराळपोशाखांच्या आतील उष्णता अभिनेत्यांना असह्य झाली होती. यान मोठे भासावे म्हणून काही दृश्यांत दिग्दर्शकाची व छायालेखकाची मुले लहान मापाचे पोशाख घालून उभी केली होती. त्यांना भोवळ आल्यानंतरच त्या पोशाखांत फेरफार करण्यात आले. पडद्यावर जे कवच माणसाला जगविते असे आपण पाहतो, ते चित्रीकरणाच्या जागी त्याला गुदमरविणारे असू शकते.

चेहरा उजळावा म्हणून शिरस्त्राणाच्या आतच लहान दिवे बसविण्याची प्रथाही याच अडचणीतून आली. 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' या दूरचित्रवाणी मालिकेच्या २००४ पासूनच्या आवृत्तीत ती ठळकपणे दिसते. खऱ्या वैमानिकाला असे दिवे घातक ठरतील, कारण अंधाराला सरावलेली त्याची दृष्टी त्यामुळे नष्ट होईल आणि काचेच्या आतील बाजूस त्याला स्वतःचाच चेहरा दिसू लागेल. तरीही प्रेक्षक हे दिवे विनातक्रार स्वीकारतो; ते दिवे त्याच्यासाठीच लावलेले असतात.

३. अडचणीचा गुण

काचेवरील प्रतिबिंब हा दोष आहे असे आतापर्यंत मानले. पण कुशल दिग्दर्शकाने त्याचा गुण केल्याची उदाहरणे आहेत. चित्रपटाच्या सामान्य व्याकरणात पात्राचा चेहरा दाखविण्यास एक चित्रण लागते, आणि ते पात्र काय पाहते हे दाखविण्यास दुसरे. स्टॅनली कुब्रिक यांच्या '२००१ : अ स्पेस ओडिसी' (१९६८) मध्ये बोमन जेव्हा अज्ञात प्रदेशातून वेगाने नेला जातो, तेव्हा त्याच्या शिरस्त्राणाच्या काचेवरून रंगीत प्रकाशाचे ओघ सरकताना दिसतात. पाहणारा आणि पाहिलेले, दोन्ही एकाच चौकटीत येतात.

त्याच चित्रपटात शिरस्त्राणाचा अभाव हाच कथेचा कळीचा प्रसंग होतो. सहकाऱ्याला वाचविण्याच्या घाईत बोमन शिरस्त्राण न घेताच छोट्या यानातून बाहेर पडतो, आणि मुख्य यानाचे दार उघडण्यास संगणक नकार देतो. तेव्हा उघड्या डोक्याने निर्वातातून उडी घेण्यावाचून त्याला गत्यंतर राहत नाही. पुढे संगणकाच्या स्मृतिकक्षात तो शिरतो तेव्हा त्याच्या अंगावर तांबडा पोशाख आणि डोक्यावर हिरवे शिरस्त्राण असते. ही विजोड जोडी कोणताही संवाद न योजता त्या घाईची आणि हानीची आठवण जागी ठेवते.

आल्फोन्सो क्वारोन यांच्या 'ग्रॅव्हिटी' (२०१३) मध्ये हा प्रश्न निराळ्या मार्गाने सुटला. तेथे बाह्य अवकाशातील अनेक दृश्यांत अभिनेत्यांचे चेहरे तेवढे प्रत्यक्ष चित्रित झाले; पोशाख, शिरस्त्राणे, काचा, त्यांवरील प्रतिबिंबे आणि श्वासाचे धुकेदेखील संगणकाच्या साहाय्याने नंतर रचण्यात आले. एका दीर्घ चित्रणात कॅमेरा नायिकेच्या शिरस्त्राणाबाहेरून आत शिरतो आणि मग तिच्याच दृष्टीने बाहेर पाहू लागतो. यातील लक्षणीय बाब अशी की, ज्या प्रतिबिंबांना आणि धुक्याला छायालेखक इतकी वर्षे टाळीत आले, तीच येथे मुद्दाम निर्माण करावी लागली. काच भौतिक नसली तरी ती आहे अशी प्रतीती देण्यासाठी तिचे दोष आवश्यक ठरले.

४. ओळखीचा प्रश्न

चेहरा झाकला गेला की दुसरा प्रश्न उभा राहतो तो ओळखीचा. एकसारख्या पोशाखातील चार माणसांपैकी कोण कोणता, हे प्रेक्षकाने कसे जाणावे? अर्व्हिंग पिचेल दिग्दर्शित 'डेस्टिनेशन मून' (१९५०) या रंगीत चित्रपटाने याला सरळ उत्तर दिले: प्रत्येक चांद्रयात्रीचा पोशाख वेगळ्या रंगाचा केला. हा चित्रपट वैज्ञानिक काटेकोरपणाबद्दल आग्रही होता; विज्ञानकथाकार रॉबर्ट हाइनलाइन त्याचे तांत्रिक सल्लागार होते. म्हणून ही रंगयोजना निव्वळ सजावट समजण्याचे कारण नाही.

वीस वर्षांनी वास्तवाने याच प्रश्नाची गाठ घेतली. जुलै १९६९ मध्ये अपोलो-११ चे दोन अंतराळवीर चंद्रावर उतरले. मानवाच्या पहिल्या चांद्रावतरणाची म्हणून जे छायाचित्र जगभर पोहोचले, त्यात चेहरा नाहीच. सूर्यतापापासून संरक्षणासाठी शिरस्त्राणाच्या बाहेरील काचेवर सोन्याचा अतिसूक्ष्म थर दिलेला होता. त्यामुळे तिच्यात चंद्रभूमी, चांद्रयान आणि छायाचित्र घेणारी व्यक्ती एवढेच दिसते. ती प्रतिबिंबित व्यक्ती म्हणजे नील आर्मस्ट्राँग. ज्याचे छायाचित्र आहे तो बझ ऑल्ड्रिन. दोघांचे पोशाख सारखेच असल्यामुळे छायाचित्रांत एकाला दुसऱ्यापासून वेगळे करणे अवघड झाले. पुढे मोहीमप्रमुखाच्या शिरस्त्राणावर आणि हातापायांवर तांबडे पट्टे देण्याची पद्धत सुरू झाली. अपोलो-१३ च्या पोशाखांत ती आली, परंतु ती मोहीम चंद्रावर उतरू शकली नाही. चंद्रभूमीवर हे पट्टे प्रथम दिसले ते १९७१ मध्ये, अपोलो-१४ च्या वेळी. चित्रपटाने १९५० मध्ये केलेली योजना अनावश्यक रंगरंगोटी नव्हती, हे यावरून सिद्ध होते. पाहणारा आला की ओळखखूण लागते, मग पाहणारा प्रेक्षागृहात असो की पृथ्वीवरील नियंत्रणकक्षात.

५. चेहरा कोणाला?

आतापर्यंतची चर्चा साधनांची झाली. आता ज्या प्रश्नामुळे हा विषय अभ्यासास पात्र ठरतो, त्याकडे वळू.

एच. जी. वेल्स यांच्या लेखनावर आधारलेल्या 'थिंग्ज टु कम' (१९३६) मध्ये युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या नगरात एक वैमानिक विमानातून उतरतो. त्याच्या मस्तकावर जवळजवळ खांद्यांइतके रुंद, काळे, भव्य शिरस्त्राण आहे. विमान चालविण्यास इतक्या मोठ्या आकाराची गरज नाही. पण भोवतालच्या फाटक्या वस्त्रांतील माणसांत तो परक्या युगाचा दूत वाटावा, हे कार्य ते पूर्णपणे पार पाडते. येथे शिरस्त्राण अधिकाराचे चिन्ह आहे.

याउलट 'किंग ऑफ द रॉकेट मेन' (१९४९) या अमेरिकी धारावाहिक चित्रपटातील उड्डाणवीराचे बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे शिरस्त्राण चेहरा पूर्ण झाकते. यामागे व्यवहार होता. चेहरा दिसत नसल्यामुळे उड्डाणाच्या दृश्यांत अभिनेत्याऐवजी तारेवरून सरकणारा पुतळा चालत असे, आणि तीच दृश्ये 'रेडार मेन फ्रॉम द मून' (१९५२) मध्ये दुसऱ्या नायकासाठी पुन्हा वापरता आली. झाकलेले मस्तक कोणाचेही असू शकते, हा धडा निर्मात्यांनी खर्चाच्या हिशेबातून शिकला होता. पुढच्या पिढीने त्यातून नाट्यमय अर्थ काढला.

हा अर्थ सर्वांत स्पष्टपणे 'स्टार वॉर्स' (१९७७) मध्ये दिसतो. या चित्रपटाचे वेषभूषाकार जॉन मोलो हे लष्करी गणवेषांच्या इतिहासाचे जाणकार होते, आणि या कामासाठी त्यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले. बंडखोर पक्षाच्या वैमानिकांच्या शिरस्त्राणावर अमेरिकी नौदलातील एपीएच-६ या जातीच्या शिरस्त्राणाची छाप आहे. मात्र एक महत्त्वाचा बदल केलेला आहे. लढाऊ वैमानिकाच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा असतो, तो येथे नाही. तोंड उघडे आहे. डोळ्यांवरची झडप पिवळसर पण पारदर्शक आहे. आणि प्रत्येकाच्या शिरस्त्राणावरील चिन्हे व रंग वेगळे आहेत. त्यामुळे अंतिम चढाईत एकेक वैमानिक मरतो तेव्हा प्रेक्षकाला एकेक माणूस मेल्याचे जाणवते.

साम्राज्याच्या 'टाय' विमानांतील वैमानिकांना यांतले काहीच दिलेले नाही. त्यांची शिरस्त्राणे काळी, पूर्ण बंद आणि एकसारखी आहेत. छातीवरील पेटीतून निघालेल्या दोन नळ्या तोंडाशी येतात. घडणीच्या दृष्टीने पाहता हे शिरस्त्राण बंडखोर वैमानिकाच्या शिरस्त्राणाचा वरचा घुमट आणि साम्राज्याच्या पायदळ सैनिकाचा मुखवटा यांच्या जोडणीतून सिद्ध झाले आहे. म्हणजे दोन्ही पक्षांच्या वैमानिकांच्या डोक्यावर घुमट एकच, फरक केवळ चेहऱ्याच्या जागी आहे. गंमत अशी की, निर्वातात लढणाऱ्याला खरोखर उपयोगी पडेल असे शिरस्त्राण शत्रूचेच आहे. नायकाचे उघडे शिरस्त्राण यानाला छिद्र पडताच निरुपयोगी ठरेल. चुका मोजणारा समीक्षक येथे थांबेल. परंतु ही 'चूक' दुरुस्त केली तर चित्रपटाचा सारा भावनिक हिशेब कोलमडेल. शत्रूचे वैमानिक डझनांनी मरतात आणि प्रेक्षक टाळ्या वाजवितो, याचे एक कारण त्याने त्यांचा एकही चेहरा पाहिलेला नसतो.

हे तंत्र निरुपद्रवी नाही. ज्याला चेहरा नाही त्याच्या मृत्यूचे दुःख होत नाही, हा अनुभव चित्रपट प्रेक्षकाकडून सहजपणे गिरवून घेतो. आणि युद्धकाळातील प्रचारसाहित्यानेही शत्रूला असेच चेहराहीन केलेले आहे. या मालिकेच्या निर्मात्यांनाच पुढे या हिशेबाचा फेरविचार करावासा वाटला, असे दिसते. 'रिटर्न ऑफ द जेडाय' (१९८३) मध्ये मरणोन्मुख डार्थ व्हेडर आपल्या मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता यावे म्हणून मुखवटा काढावयास लावतो. 'द फोर्स अवेकन्स' (२०१५) मध्ये तर आरंभीच एका मुखवटाधारी सैनिकाच्या पांढऱ्या शिरस्त्राणावर मरणाऱ्या सोबत्याच्या रक्ताळलेल्या बोटांचे ओरखडे उमटतात. त्या खुणेमुळे तो प्रथमच इतरांपासून वेगळा ओळखू येतो. मग तो शिरस्त्राण काढतो, त्याला चेहरा मिळतो, आणि थोड्याच वेळात नावही मिळते. वैमानिक बंदिवानाबरोबर तो शत्रूच्या बाजूने पळ काढतो. चेहरा, नाव आणि विवेक यांचा हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे.

'द मँडलोरियन' (२०१९ पासून) ही मालिका या नियमाला अपवाद वाटेल. तिचा नायक स्वतःचे यान चालविणारा आहे, आणि पंथाच्या नियमामुळे तो दुसऱ्यासमोर शिरस्त्राण काढीत नाही; पहिल्या पर्वात त्याचा चेहरा दिसतो तो अखेरच्या भागात. तरीही प्रेक्षक त्याच्याशी समरस होतो. मानेचा कल, चालण्याची ढब, आवाजातील चढउतार आणि एका बालकाशी असलेली वागणूक यांनी चेहऱ्याचे काम केले आहे. या अपवादाने नियम खोटा ठरत नाही, पण तो अधिक नेमका मांडता येतो: प्रेक्षकाला व्यक्ती हवी असते, आणि चेहरा हे व्यक्तीपर्यंत पोहोचण्याचे सर्वांत जवळचे साधन आहे. ते नाकारावयाचे तर दुसरे साधन जाणीवपूर्वक पुरवावे लागते. 'टाय' वैमानिकाला तसे काहीच पुरविलेले नव्हते.

६. पडद्यावरून प्रत्यक्षात

अखेर या व्यवहाराची उलट दिशाही नोंदविली पाहिजे. ३० मे २०२० रोजी स्पेसएक्सच्या यानातून बॉब बेनकेन आणि डग हर्ली हे दोन अंतराळवीर अवकाशस्थानकाकडे निघाले, तेव्हा त्यांनी घातलेल्या पोशाखाचे बाह्य रूप होसे फर्नांडिस यांनी कल्पिलेले होते. फर्नांडिस हे चित्रपटांतील वीरनायकांचे पोशाख घडविणारे कलावंत होत. त्यांनी दिलेल्या रूपात दाब, प्राणवायू आणि संदेशवहन यांची व्यवस्था अभियंत्यांनी नंतर बसविली. रूप आधी आणि कार्य मागाहून, असा हा चित्रपटसृष्टीतला क्रम एका खऱ्या उड्डाणात उतरला.

दुसरीकडे, एफ-३५ या लढाऊ विमानातील वैमानिकाचे शिरस्त्राण अधिकाधिक बंदिस्त झाले आहे. विमानाच्या अंगावरील सहा कॅमेऱ्यांनी टिपलेले दृश्य त्याच्या काचेवर उमटते आणि वैमानिकाला विमानाच्या तळातून आरपार पाहिल्याचा भास होतो. त्याला पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक दिसते. तो मात्र पूर्वीपेक्षाही कमी दिसतो. बाह्य रूपाने तो १९७७ च्या नायकापेक्षा त्याच्या शत्रूच्या अधिक जवळ गेला आहे.

विद्यार्थ्यांनी यापुढे एखाद्या विज्ञानपटातील शिरस्त्राणाचा अभ्यास करताना तीन प्रश्न क्रमाने विचारावेत, असे सुचवावेसे वाटते. काच कोठे ठेवली आहे आणि प्रकाश कोठून येतो. एका वैमानिकाला दुसऱ्यापासून वेगळे करणारी खूण कोणती. आणि ज्यांना चेहरा दिलेला नाही त्यांच्या वाट्याला कथेत काय येते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रकाशशास्त्रात मिळेल, दुसऱ्याचे वेषभूषेच्या इतिहासात. तिसऱ्या प्रश्नासाठी प्रेक्षक म्हणून आपण कोणत्या मृत्यूच्या वेळी हळहळलो आणि कोणत्या वेळी नाही, याचा प्रामाणिक हिशेब मांडावा लागेल.